बोटं वाढवायची की गावं जगवायची? युरोपातली शहरवाढ आणि प्रादेशिक समतोल

नकाशाघडी (धागाकर्ता)

युरोपातल्या शहरांचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा सायकली, ट्राम आणि चौकातल्या कारंज्यांवर येऊन थांबतात. ती शहरं तशी का राहिली, कोणत्या नियमाने, कोणाच्या पैशाने, आणि त्याच देशांतली दोन-तीन तासांवरची गावं ओस का पडली, इकडे कोणी वळत नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात कोपनहेगनपासून करतो. 1947 साली स्टीन आयलर रासमुसेन आणि पीटर ब्रेड्सडॉर्फ यांच्या नेतृत्वाखाली तिथली ‘बोटांची योजना’ तयार झाली. जुनं दाट शहर म्हणजे तळहात. तिथून क्योगे, रोस्किल्डे, फ्रेडरिकसुंड, हिलेरोड आणि हेलसिंगोर या जुन्या गावांच्या दिशेने पाच बोटं. प्रत्येक बोटाच्या मधोमध उपनगरी रेल्वे, रुळांच्या दोन्ही अंगांना वस्ती, आणि दोन बोटांच्या बेचक्यात शेती, रान, तळी. बेचक्यात बांधायचं नाही. सुरुवातीला या योजनेला कायद्याचा आधार नव्हता. 2007 पासून मात्र ती राष्ट्रीय नियोजन-आदेश आहे, त्यामुळे एकट्या नगरपालिकेला ती बाजूला सारता येत नाही.

लंडनने वेगळी वाट धरली आणि शहराभोवती हरित पट्ट्याचं कडं घातलं. वाढ थांबली नाही, कड्यावरून पलीकडे उतरली. लोक रोज तो पट्टा ओलांडून कामाला येऊ लागले.

माझं मत असं की शहराची वाढ अडवून अडत नाही, तिला वाट द्यावी लागते आणि ती वाट रुळांची असावी लागते. पण हे झालं एका महानगरापुरतं. देशाचा दुसरा कोपरा रिकामा होत असेल तर तिथे काय चालतं? जाणकारांनी लिहावं: कोणती पद्धत चालली, कोणती फसली आणि कशामुळे.

ट्रामघंटा

उत्तम धागा. एक महत्त्वाची कलमबंदी राहिली, ती जोडतो. नकाशा सगळे काढतात, कोपनहेगन वेगळं ठरलं ते ‘स्थानकाजवळ’च्या नियमामुळे. 1,500 चौरस मीटरपेक्षा मोठं कार्यालय बांधायचं असेल तर ते साधारणपणे स्थानकापासून 600 मीटरच्या आत हवं.

घरांना इतकी कडक अट नाही आणि कार्यालयांना आहे, यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. घराच्या टोकाला माणसाकडे सायकल असते, दोन-तीन किलोमीटर तो सहज कापतो. कामाच्या टोकाला उतरल्यावर त्याच्याकडे पायांशिवाय काही नसतं. तिथे अंतर किलोमीटरभर झालं की तो घरूनच गाडी काढतो. म्हणून स्थानकालगतची जमीन आधी नोकऱ्यांना, मग घरांना. आपल्याकडे मेट्रो स्थानकाभोवती जादा चटईक्षेत्र देताना निवासी टॉवरलाच प्राधान्य मिळतं, तिथे हा विचार सुटतो.

केळफूल

पाचही बोटं सारखी नसतात, ही म्हण इथे शब्दशः लागू आहे.

हेलसिंगोरकडचं उत्तरेचं बोट किनाऱ्यालगतच्या बंगल्यांचं, आधीपासून श्रीमंत. क्योगेकडचं दक्षिणेचं बोट 1960-70 च्या दशकांत ठरवून उभं केलेलं, तिथे सामाजिक गृहनिर्माणाच्या मोठ्या वसाहती आल्या. रेल्वे 1972 ते 1983 अशी टप्प्याटप्प्याने पुढे सरकली. हिरवे पट्टे वाचले, पण उत्तर आणि दक्षिण यांच्यातली सामाजिक दरी योजनेने बुजवली नाही. पश्चिम आणि दक्षिणेच्या नगरपालिकांकडे कमी उत्पन्नाची कुटुंबं जास्त. त्यांचा खर्च भागवायला नगरपालिकांमधली करसमतोलाची राष्ट्रीय व्यवस्था लागते, निव्वळ नकाशाने ते होत नाही.

दुसरी उणीव अशी की सगळे रूळ तळहाताकडे येतात. एका बोटावरून शेजारच्या बोटावर जायचं तर आधी मध्यात या, मग बाहेर जा. म्हणून आडव्या प्रवासात गाडी जिंकली. लिंग्बीपासून इशोयपर्यंत बोटं आडवी शिवणारी 28 किलोमीटरची लाइट रेल हाती घेतली गेली ती यासाठी. मूळ योजनेनंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी.

गोदातीर

पैशाचं बोलूया, कारण तिथेच सगळं अडतं.

कोपनहेगनची मेट्रो जमिनीच्या विक्रीतून उभी राहिली. 1992 च्या कायद्याने आमागर बेटावरची सुमारे 310 हेक्टर सरकारी जमीन एका सार्वजनिक कंपनीकडे दिली, तिच्यात महापालिका 55 टक्के आणि केंद्र सरकार 45 टक्के. क्रम असा: जमीन कंपनीच्या नावे करायची, तिला बांधकामाचा हक्क द्यायचा, त्यामुळे किंमत चढते, त्या चढत्या किमतीच्या भरवशावर सरकारच्या पतीने स्वस्त कर्ज काढायचं, त्यातून मेट्रो बांधायची, मेट्रोमुळे किंमत आणखी चढते, मग भूखंड विकून कर्ज फेडायचं. पहिला टप्पा 2002 मध्ये सुरू झाला आणि त्या जमिनीवर ओरेस्टाड ही नवी वस्ती उभी राहिली. सिडकोने नवी मुंबईत 1970 नंतर जमीन विकून पायाभूत सोयी उभारल्या, त्याचंच हे चुलत भावंड. फरक इतकाच की नवी मुंबईची जमीन बव्हंशी शेतकऱ्यांकडून संपादित केलेली होती, इथली आधीपासून सार्वजनिक होती.

कुठे चुकतं तेही सांगतो. डोक्यावर कर्ज असलेली कंपनी भूखंड चढ्या भावालाच विकणार, तिला परवडणाऱ्या घरांसाठी जागा सोडणं जड जातं. सुरुवातीची विक्री मंद झाली तर व्याज चढत जातं. मग पहिलं मोठं गिऱ्हाईक जे मागेल ते द्यावं लागतं, आणि ओरेस्टाडमध्ये ते गिऱ्हाईक बंदिस्त मॉल होतं. 2004 मध्ये तो उघडला आणि रस्त्यावरची दुकानं कित्येक वर्षं रुजलीच नाहीत. शिवाय तोटा भरायला पुढची जमीन विकायचा मोह होतो. आमागरच्या गवताळ रानाच्या कडेवर बांधण्यावरून तिथे मोठा वाद झाला तो याच हिशोबामुळे.

ट्रामघंटा

गोदातीर, हिशोब पटला. पण मेट्रो आधी आली आणि माणसं नंतर, हे ओरेस्टाडचं मोठं यश आहे. उलट्या क्रमाचं उदाहरण हॉलंडमध्ये आहे. उट्रेख्टजवळ लाइडस-राइन नावाची सुमारे 30 हजार घरांची वस्ती 1990 च्या दशकाअखेरीस भरायला लागली. तिच्यातलं टेरवाइडा स्थानक 2003 मध्ये उघडलं आणि वस्तीच्या नावाचं स्थानक 2013 मध्ये. पहिल्या काही वर्षांत राहायला आलेल्या कुटुंबांनी तोवर दुसरी गाडी घेतली होती. घर बदललं की माणूस प्रवासाची सवय एकदाच नव्याने लावतो. त्या महिन्यात ट्राम नसेल तर पुढे आलेली ट्राम रिकामी धावते.

चाफेकळी

मग व्हिएन्ना घ्या. क्रम आणि परवडणारी घरं दोन्ही सांभाळणारं माझ्या मते सर्वांत पक्कं उदाहरण.

आधी जमीन. 1984 पासून शहराचा एक भूमी-निधी आहे. तो घाई नसताना जमीन विकत घेतो आणि साठवून ठेवतो. मेट्रोची वाट जाहीर झाल्यावर घ्यायला गेलं तर उशीर झालेला असतो.

मग स्पर्धा. 1995 पासून मोठ्या भूखंडांवर विकासक आणि वास्तुरचनाकार यांनी मिळून प्रस्ताव द्यायचा. जमिनीची किंमत आधीच ठरलेली असते, त्यामुळे बोली पैशांची लागत नाही, गुणवत्तेची लागते. गुण चार बाबींवर: रचना, खर्च, पर्यावरण, आणि 2009 पासून सामाजिक टिकाऊपणा. भाडेकरूला शेवटी किती भाडं पडेल हे प्रस्तावातच लिहून द्यावं लागतं.

तिसरी पायरी 2018-19 च्या बांधकाम नियमातली. जमिनीचा वापर बदलून मोठा निवासी प्रकल्प करायचा असेल तर साधारण दोन-तृतीयांश घरं अनुदानित हवीत, आणि त्या भागासाठी जमिनीच्या किमतीला कमाल मर्यादा. सुरुवातीला ती चौरस मीटरमागे 188 युरो होती.

आस्पर्न हे 240 हेक्टरचं जुनं विमानतळाचं मैदान. तिथे यू-2 मेट्रो 2013 च्या ऑक्टोबरमध्ये पोहोचली आणि पहिले रहिवासी 2014 मध्ये आले. ट्रामघंटा म्हणतात तो क्रम अगदी पाळला गेला.

प्रस्तर

चाफेकळी, 188 युरो हे भूखंडाच्या क्षेत्रफळावर की बांधकामाच्या?

चाफेकळी

बांधकामाच्या, म्हणजे जमिनीवरच्या एकूण मजला-क्षेत्रावर. समजा 1,000 चौरस मीटरचा भूखंड आहे आणि त्यावर 2,000 चौरस मीटर बांधता येतं. तर जमिनीला जास्तीत जास्त 3 लाख 76 हजार युरो. भूखंडाच्या क्षेत्रफळावर मर्यादा घातली असती तर दाट बांधकामाच्या जागेला आणि विरळ जागेला एकच दर लागला असता, आणि ते चुकीचं झालं असतं.

या नियमाचा खरा वार जमीन धरून बसणाऱ्यावर आहे. वापरबदल झाल्यावरही दोन-तृतीयांश भागाला एवढाच दर मिळणार हे कळलं की पडून ठेवण्यात राम राहत नाही. फसण्याची जागाही सांगते. नियम येण्यापूर्वी ज्या जमिनींचा वापर आधीच निवासी झाला होता त्यांना तो लागू नाही. आणि बांधकामाचा खर्च व व्याजदर एकदम चढले तर ठरलेल्या भाड्यात गणित बसत नाही, मग प्रस्ताव येणंच कमी होतं.

वऱ्हाडी_ओसरी

माहिती भारी आहे, पण मंडळी, सगळे राजधान्यांतच फिरताय. धाग्याच्या नावात ‘गावं जगवायची’ पण आहे. आपल्याकडे अनुशेष हा शब्द दांडेकर समितीपासून चालत आला, राज्यघटनेच्या कलम 371(2) खाली 1994 मध्ये वैधानिक मंडळं झाली, तरी विदर्भ-मराठवाड्याचा प्रश्न संपला नाही. युरोपने मागास भागांवर पैसा ओतला, त्याचं काय झालं ते सांगा.

सह्यकडा

योग्य प्रश्न. सगळ्यांत जुना मोठा प्रयोग इटलीचा. दक्षिणेसाठी 1950 मध्ये स्वतंत्र निधी काढला, तो 1984 पर्यंत चालला. पहिल्या दशकात पाणी, धरणं, दलदल हटवणं, रस्ते ही कामं झाली आणि ती उपयोगी पडली. 1957 च्या कायद्याने दिशा बदलली: सरकारी कंपन्यांनी नव्या गुंतवणुकीतली 60 टक्के दक्षिणेत करायची. तारांतोचा प्रचंड पोलाद कारखाना या काळातला. इटालियन लोकांनी अशा कारखान्यांना ‘वाळवंटातली कॅथेड्रल’ म्हटलं.

का फसलं? पोलाद आणि रसायनं हे भांडवल खाणारे उद्योग. गुंतवलेल्या रकमेच्या मानाने नोकऱ्या कमी. खनिज जहाजाने येणार, माल जहाजाने जाणार, मध्ये आजूबाजूच्या गावातल्या लहान कारखान्याला पुरवायला काही उरत नाही. 1970 च्या दशकात पोलादाची मागणी घसरली तेव्हा एका कारखान्यावर टेकलेलं अख्खं शहर हललं. आणि प्रदूषण तारांतोच्या माथी राहिलं ते आजतागायत.

डब्लिनची_सर

आयर्लंडचा धडा वेगळा आहे, तोही लिहिते. डब्लिनवरचा भार कमी करायचा म्हणून 2003 च्या डिसेंबरमध्ये अर्थसंकल्पात जाहीर झालं की दहा हजारांहून अधिक सरकारी नोकऱ्या 53 ठिकाणी हलवायच्या. इतक्या ठिकाणी वाटल्यावर प्रत्येक गावाला दोनशेच्या आसपास नोकऱ्या. एवढ्याने ना शाळेची तुकडी वाढते, ना नवरा-बायको दोघांना गावात काम मिळतं. तज्ज्ञ कर्मचारी हलायला तयार नव्हते, खात्यांचे तुकडे झाले आणि बैठकांसाठी लोक परत डब्लिनलाच. 2011 मध्ये योजना गुंडाळली.

2018 च्या राष्ट्रीय आराखड्याने नीट धडा घेतला. लोकसंख्यावाढ निम्मी डब्लिनसह देशाच्या पूर्व आणि मध्य भागात आणि निम्मी उरलेल्या देशात, आणि त्या निम्म्यासाठी मोजकी शहरं: कॉर्क, लिमरिक, गॉलवे, वॉटरफर्ड. 2040 पर्यंत त्यांची वाढ 50 ते 60 टक्के धरली होती. 53 ठिकाणांऐवजी चार. वाटून सगळ्यांना चिमूटभर देण्यापेक्षा चार जागी ओंजळभर द्यायचं ठरलं.

केळफूल

चार जागी ओंजळभर देण्याचाही धोका आहे. फ्रान्सने हेच 1964 मध्ये केलं. पॅरिसला तोल म्हणून आठ महानगरं निवडली: लिओं, मार्सेय, लील, तुलूझ, बोर्दो, नांत, स्त्रासबूर आणि नान्सी-मेत्झ. विमान-अवकाश संशोधनाच्या उच्च शिक्षणसंस्था पॅरिसहून तुलूझला नेल्या, आज ते युरोपचं विमानशहर आहे. हे यश कोणी नाकारणार नाही. पण तुलूझ वाढलं ते पॅरिसइतकंच स्वतःच्या भोवतालच्या तालुक्यांतून. पॅरिसचं ओझं हलकं झालं की नाही यावर वाद होतील, पण तुलूझपासून शंभर किलोमीटरवरच्या खेड्यातली शाळा बंदच झाली.

फ्रान्सची जास्त उपयोगी गोष्ट म्हणजे वाहतूक-कर. 1971 मध्ये पॅरिसमध्ये आणि 1973 पासून इतर शहरांत. आज 11 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने पगाराच्या ठरावीक टक्के रक्कम स्थानिक वाहतूक प्राधिकरणाला द्यायची. मालकांना कामगार वेळेवर हवेत, तर त्यांनी बस-ट्रामचा भार उचलावा, असं त्यामागचं तत्त्व. नांतने 1985 मध्ये ट्राम परत आणली, त्यानंतर एकामागून एक मध्यम शहरांत ट्राम आली, ती या खात्रीच्या उत्पन्नामुळे. दोन-तीन लाखांच्या शहरालाही वीस वर्षांचं कर्ज काढता येतं, कारण हप्त्याचा पैसा दरमहा येतच असतो.

सह्यकडा

केळफूल, सहमत. आणि इटलीने पुढे जे केलं ते तुमच्या खेड्यातल्या शाळेला धरून आहे. 2010 च्या दशकात त्यांनी ‘अंतर्गत प्रदेशां’साठी नवी पद्धत काढली. मागासलेपण उत्पन्नावर मोजायचं सोडून मिनिटांवर मोजलं.

पद्धत अशी: ज्या गावात, किंवा शेजारशेजारच्या गावांत मिळून, तीन गोष्टी आहेत ते सेवा-केंद्र. सर्व शाखांचं उच्च माध्यमिक शिक्षण, तातडीच्या उपचारांचा विभाग असलेलं रुग्णालय, आणि ठरावीक दर्जाचं रेल्वे स्थानक. तिन्ही हवीत. मग प्रत्येक नगरपालिकेपासून जवळच्या केंद्रापर्यंत रस्त्याने किती मिनिटं ते मोजायचं. 20 पर्यंत म्हणजे परिघ, 20 ते 40 मध्यम, 40 ते 75 दूरची, 75 च्या पुढे अतिदूरची. मध्यम आणि त्यापुढच्या सगळ्यांना ‘अंतर्गत’ म्हणायचं. पहिल्या फेरीत असे 72 प्रदेश निवडले.

पैसा देताना अट होती की लहान नगरपालिकांनी काही कामं कायमची एकत्र करायची. आणि कृती आराखड्याचे दोन पाय हवेत. एक म्हणजे शाळा-आरोग्य-वाहतूक, हे राष्ट्रीय निधीतून. दुसरा स्थानिक उत्पन्न, हा युरोपीय निधीतून. सेवा टिकली नाही तर रोजगार आला तरी कुटुंब येत नाही, हे त्यातलं गृहीतक.

फसलं कुठे? कागदपत्रांत. मंत्रालय, प्रांत आणि गावं सगळ्यांच्या सह्यांचा करार होईपर्यंत वर्षं गेली, आणि दोन कारकुनांच्या नगरपालिकेला निविदा काढायला माणूस नाही.

प्रस्तर

युरोपीय निधीचं गणित कोणी सोपं करून सांगेल का? कोणाला किती, कसं ठरतं?

गोदातीर

जमेल तेवढं सांगतो, 2021-27 च्या नियमांप्रमाणे.

एकक म्हणजे साधारण 8 ते 30 लाख लोकसंख्येचा सांख्यिकी प्रदेश. त्याचं दरडोई उत्पादन युरोपीय संघाच्या सरासरीच्या 75 टक्क्यांखाली असेल तर ‘कमी विकसित’, 75 ते 100 ‘संक्रमण’, वर ‘अधिक विकसित’. प्रकल्पातला युरोपचा वाटा कमी विकसितांना 85 टक्क्यांपर्यंत, संक्रमणात सर्वसाधारण 60, अधिक विकसितांत 40 (मध्ये काही उपवर्ग आहेत). प्रादेशिक विकास निधीतले किमान 8 टक्के शाश्वत शहरी विकासाला, तेही स्थानिक संस्थांनी स्वतः ठरवलेल्या एकात्मिक आराखड्यातून.

आता अडचणी. पैसा आधी मिळत नाही, खर्च करून बिलं लावल्यावर परत मिळतो. अगदी थोडी आगाऊ रक्कम सोडली तर लहान नगरपालिकेला बँकेकडे जावं लागतं. वर्षाची तरतूद पुढच्या तीन वर्षांत खर्ची पडली नाही तर ती परत जाते, शेवटच्या वर्षाच्या तरतुदीला दोनच. म्हणून मुदतीच्या तोंडावर सोपी कामं निघतात: चौकाची फरसबंदी, सांस्कृतिक भवन. मलवाहिनीसारखं चार वर्षं खणावं लागणारं काम मागे पडतं. आणि भवन उभं राहिलं तरी त्याची वीज, रखवालदार, रंगरंगोटी यांचा खर्च युरोप देत नाही.

सरासरीचा घोळही बघा. पोलंडमध्ये वॉर्सा आणि भोवतीचा माझोव्हिया हा एकच सांख्यिकी प्रदेश होता. वॉर्साच्या श्रीमंतीने सरासरी इतकी फुगली की शंभर किलोमीटरवरचे गरीब तालुकेही कागदावर श्रीमंत ठरले. 2018 पासून त्याचे दोन भाग केले, वॉर्सा वेगळं आणि उरलेला वेगळा. हंगेरीने बुडापेस्ट आणि पेस्ट जिल्ह्याचं तसंच केलं.

वऱ्हाडी_ओसरी

हे सरासरीचं उदाहरण नेमकं आहे. विभागाची सरासरी काढली की नागपूर शहर गडचिरोलीला झाकतं. म्हणून मोजणी तालुक्यापर्यंत खाली नेली पाहिजे, असं आम्ही कधीचं म्हणतोय.

अक्षांश_रेखांश

अवांतर वाटेल, पण जर्मनीचा मुद्दा राहिलाय. शहर पसरतं याला नागरिकांची हौस जेवढी कारण, तेवढीच कराची रचना. जर्मनीत रहिवाशांच्या आयकरातला 15 टक्के वाटा नगरपालिकांना मिळतो, शिवाय व्यवसाय-कर त्यांचाच. म्हणजे शेजारच्या गावातून एक कुटुंब किंवा एक गोदाम खेचलं की तिजोरीत भर. मग प्रत्येक महापौर गावाच्या कडेला शेतजमीन मोकळी करतो. देशाने 2020 पर्यंत जमिनीचा नवा वापर दिवसाला 30 हेक्टरवर आणायचं ठरवलं होतं, ते साधलं नाही. आता 2030 पर्यंत 30 च्या खाली असं उद्दिष्ट आहे.

मध्ये एक उलटं पाऊलही पडलं. 2017 मध्ये बांधकाम कायद्यात 13-ब हे कलम घातलं: गावाच्या कडेला 10 हजार चौरस मीटरपेक्षा कमी बांधकाम-व्याप्तीच्या निवासी योजनांना पर्यावरणीय तपासणीशिवाय झटपट मंजुरी. शहरांतल्या घरटंचाईसाठी आणलेलं कलम, वापरलं जास्त करून टंचाई नसलेल्या गावांनी. 2023 च्या जुलैमध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ते युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवलं.

फ्रान्सने 2021 च्या कायद्याने अधिक कडक रेषा आखली आहे: 2021 ते 2031 मध्ये नव्या जमिनीचा वापर आधीच्या दशकाच्या निम्मा, आणि 2050 पर्यंत निव्वळ शून्य. ग्रामीण महापौरांनी आरडाओरडा केल्यावर 2023 मध्ये प्रत्येक गावाला किमान 1 हेक्टरची हमी दिली. फ्रान्समध्ये सुमारे 35 हजार गावपालिका आहेत, म्हणजे या हमीची बेरीज किती होते ते बघा.

चाफेकळी

अक्षांश, जर्मनीची चांगली बाजूही सांगायला हवी. फ्रांकफुर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या नावाने ओळखला जाणारा 1902 चा भूखंड-पुनर्रचनेचा कायदा. लांबट, वेडेवाकडे शेततुकडे एकत्र करायचे, रस्ते-बागांची जागा काढायची, उरलेली जमीन मूळ मालकांना नीट आकाराच्या भूखंडांत परत वाटायची. संपादन नाही, विस्थापन नाही. आजच्या जर्मन कायद्यात नव्या वस्तीसाठी क्षेत्रफळाच्या हिशोबाने 30 टक्क्यांपर्यंत जमीन कापून घेता येते. आपल्या नगररचना योजना, म्हणजे 1915 च्या मुंबई कायद्यापासूनच्या टीपी स्कीम, या याच घराण्यातल्या.

ट्रामघंटा

टीपी स्कीमचं नातं जोडलंत, छान वाटलं. पोलंडमध्ये याचाच अभाव आहे. स्थानिक आराखडा नसेल तिथे एकेका भूखंडाला स्वतंत्र ‘बांधकाम-अटींचा निर्णय’ मिळवून घर बांधता येतं. शेताची चिंचोळी पट्टी तशीच कापून ओळीने घरं, मधून पाच मीटरचा खासगी रस्ता, पुढे वाट बंद. बस वळायला जागा नाही, मलवाहिनी नाही, शाळा नाही. आपल्या गुंठेवारीची आठवण येईल. 2023 च्या सुधारणेने प्रत्येक गावाला सर्वसाधारण आराखडा सक्तीचा केला.

सह्यकडा

वाढणाऱ्या शहरांचं खूप झालं. आटणाऱ्यांचं नियोजन जास्त अवघड असतं, त्यावर थोडं.

पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगची लोकसंख्या 1989 मध्ये सुमारे 5.3 लाख होती, 1998 पर्यंत 4.4 लाखांच्या खाली आली. 2000 च्या सुमारास 60 हजारांच्या आसपास घरं रिकामी. 2002 पासून पूर्व जर्मनीत पाडकामाला अनुदान सुरू झालं. इथे क्रम चुकला की फार महागात पडतं. वसाहतीतल्या इमारती विखुरलेल्या पाडल्या तर गरम पाण्याच्या आणि मलवाहिन्यांची लांबी तेवढीच राहते आणि ग्राहक निम्मे होतात. मलवाहिनीत प्रवाह कमी झाला की गाळ बसतो, मग पिण्याचं पाणी सोडून ती धुवावी लागते. म्हणून पाडायचं ते वाहिनीच्या शेवटच्या टोकाकडून आत.

जुन्या दगडी-विटांच्या घरांसाठी तिथल्या नागरिकांच्या एका संघटनेने 2004 पासून ‘राखण-घरं’ काढली. मालकी मालकाचीच. कलाकार, लहान संस्था, कार्यशाळा पाच वर्षं राहतात, भाडं नाही, फक्त चालू खर्च देतात. बदल्यात छत गळत नाही ना, नळ गोठत नाही ना हे पाहतात. रिकामं घर पडतं ते बहुधा छतातून शिरलेल्या पाण्यामुळे, माणूस आत असला की ते वेळीच दिसतं. आज लाइपझिग 6 लाखांच्या वर आहे आणि वाचलेली ती घरं भरलेली आहेत. पाडायची घाई केली असती तर आज तीच बांधावी लागली असती.

गोदातीर

आणि जर्मनीतलंच रूरचं खोरं! एम्शर नदी शंभर वर्षं उघडी गटारगंगा होती. कारण साधं होतं: खाली कोळशाच्या खाणी, जमीन खचत राहायची, जमिनीखालची वाहिनी फुटली असती. म्हणून मैला उघड्या काँक्रीटच्या पाटातून. खाणी उत्तरेकडे सरकल्या, खचणं थांबलं, तेव्हा 1992 पासून नदी आणि मैला वेगळे करायला सुरुवात झाली. 51 किलोमीटरची मुख्य मलवाहिनी, काही ठिकाणी 40 मीटर खोल, उतार हजारी दीड मीटर, त्यामुळे मध्ये तीन मोठी उदंचन केंद्रं. 2021 च्या अखेरीस नदी मैलामुक्त झाली. खर्च सुमारे साडेपाच अब्ज युरो. हे एका गावाचं काम नव्हतंच. 1899 मध्ये स्थापन झालेली नदीखोऱ्याची सहकारी संस्था, तिच्यात गावं, खाणी आणि कारखाने सदस्य, जो जितकं घाण करेल त्या प्रमाणात वर्गणी. प्रादेशिक समतोल म्हणतात तो अशा संस्थेत दिसतो.

प्रस्तर

तीस वर्षं एकच काम चालू ठेवलं! वाचनखूण साठवली.

नकाशाघडी (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. माझं मूळ विधान मी थोडं मागे घेतो. ‘वाट द्यायची आणि ती रुळांची’ हे वाढत्या शहरापुरतं ठीक. आटत्या भागात रुळांच्या आधी मिनिटं मोजावी लागतात, हे सह्यकडांमुळे पटलं. एक शेवटचं विचारतो: ती मिनिटांची मोजणी आपल्या एखाद्या जिल्ह्याला लावायची तर इटलीचे तीनही निकष जसेच्या तसे चालतील?

सह्यकडा

रेल्वेचा निकष चालणार नाही, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात बहुतेक तालुक्यांत रूळच नाहीत. त्याऐवजी रात्री मुक्कामाला नसून ये-जा करणारी, दिवसातून किमान चार फेऱ्यांची एसटी धरावी. रुग्णालयात पाटी न बघता सिझेरियन आणि रक्तसाठा दोन्ही बारा महिने आहे का ते बघावं. शिक्षणात बारावी विज्ञान शाखा.

वऱ्हाडी_ओसरी

आणि मिनिटं जुलैत मोजा. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा रस्ता तुटतो. मे महिन्यात मोजलेला आकडा तेव्हा कामाचा नसतो. एकाच गावाचे दोन आकडे नोंदवा, कोरड्या दिवसांचा आणि पुराचा, आणि वर्गवारी दुसऱ्यावर करा.